बाजूच्या सीटचा वारा

१

मिस्त्रीचा दिवस थर्मामीटरने सुरू व्हायचा. गाडी शेडमध्ये आली की तो आधी काचा वर करायचा, एसी लावायचा आणि मधल्या जाळीत थर्मामीटरची लांब कांडी खोचून चहा प्यायला जायचा. चहा संपेपर्यंत आकडा किती उतरला, त्यावरून त्याला निम्मा आजार कळे. उरलेला निम्मा गिऱ्हाइकाच्या तोंडून कळे. "गिऱ्हाईक जे सांगत नाही ना, तेच बिघडलेलं असतं," असं तो म्हणायचा. सव्वीस वर्षं तो गाड्यांचे एसी आणि हीटर दुरुस्त करत होता आणि हे वाक्य फारसं कधी चुकलं नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी जी गाडी आली ती त्याचीच होती. म्हणजे आता लेकीची. बायको गेल्यावर दोन महिन्यांनी त्याने ती लेकीला देऊन टाकली होती. बाळाला घेऊन कुठे जायचं तर बरी पडेल, असं तो तेव्हा म्हणाला. खरं म्हणजे त्याला तिच्यात बसवत नव्हतं.

लेक बाळाला कडेवर घेऊन उतरली आणि नेहमीप्रमाणे आधी हसली, मग तक्रार केली.

"बाबा, ह्यांच्या बाजूला बर्फ पडतो आणि माझ्या बाजूला कोमट वारा. एकाच गाडीत दोन ऋतू! हे म्हणतात, तुला तक्रार करायची सवयच आहे."

"कोमट म्हणजे किती?"

"तुमच्यासारखी कांडी खिशात घेऊन फिरत नाही मी. कोमट म्हणजे कोमट. पण एक आहे, हिला फार आवडतं. जाळीसमोर धरलं की डोळे मिचकावते आणि खुदकन हसते. कुणी तोंडावर फुंकर घातली की हसते ना, तशी."

बाळाने मिस्त्रीच्या चष्म्याला हात घातला. त्याने चष्मा सोडवून घेतला.

"रविवारी निघायचंय आम्हाला," लेक म्हणाली. "इथे अजून उकडतंय, पण घाटाच्या वर पहाटे दव गोठायला लागलंय म्हणे. ह्यांना परवापासूनच बदलीच्या जागी हजर व्हायला सांगत होते, कसंबसं रविवारवर आणलं. एसीचं तेवढं बघून द्या. हीटरची काळजी नाही, तो तुम्ही नवा टाकलाच आहे."

"हं."

"तेवढं एक बरं झालं, बाबा." ती बाळाच्या टोपीची नाडी बांधत होती, त्यामुळे तिने वर पाहिलं नाही. "आई शेवटची गाडीत बसली ती उबेत तरी बसली. मला रात्री झोप येत नाही तेव्हा मी हेच आठवते."

मिस्त्रीच्या हातात पाना होता. तो स्वच्छ होता, तरी त्याने तो फडक्याने पुसला. मग पुन्हा पुसला.

२

लेक गेल्यावर त्याने शटर अर्धं खाली ओढलं.

गॅसचं प्रेशर बरोबर होतं. कॉम्प्रेसर बिनतक्रार चालत होता. मधल्या जाळीत सात अंश, उजवीकडे आठ. त्याने कांडी डावीकडच्या, बाजूच्या सीटसमोरच्या जाळीत खोचली आणि आकडे चढू लागले. बत्तीस. पस्तीस. छत्तीसच्या पुढे येऊन ते थोडे घुटमळले आणि साडेछत्तीसवर थांबले.

त्याने एसी बंद करून नुसता पंखा लावला. बाकीच्या जाळ्या शेडइतक्या, तिशीला आल्या. डावी साडेछत्तीस. एसी पुन्हा पूर्ण लावला. बाकीच्या सातवर उतरल्या. डावी साडेछत्तीस.

वाऱ्याला मत नसतं. डबा एक, पंखा एक, गार-गरम करणारी झडप एक. त्या डब्यातून निघून वारा चार नळ्यांनी चार जाळ्यांत जातो. एका नळीतच तो गरम व्हावा, असं या गाडीत काहीही नाही. गरम व्हायचाच तर सगळीकडे होईल, आणि तेही इंजिनाचं गरम पाणी आतल्या हीटर कोरमधून फिरलं तरच.

आणि पाणी फिरत नव्हतं. हे जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं.

त्याने बॉनेट उघडलं. इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून दोन नळ्यांची तोंडं बाहेर आलेली असतात. एकीतून गरम पाणी आत जातं, दुसरीतून परत येतं. ती तोंडं उघडी, कोरडी होती, त्यांवर धूळ बसली होती. त्यांना जोडायचे दोन रबरी पाइप वळवून एकमेकांनाच जोडले होते. पाणी दारापर्यंत यायचं आणि आत न जाता तसंच माघारी फिरायचं. मागच्या हिवाळ्याआधी हीटर कोर गळायला लागला, बायकोच्या पायाखालची चटई ओली व्हायला लागली, तेव्हा मिस्त्रीने अर्ध्या तासात हे करून टाकलं होतं. कोर बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, दोन दिवस जातात. तेव्हा हंगाम होता, शेडबाहेर लोकांच्या गाड्यांची रांग होती. आठवड्याभरात करू, असं तो स्वतःला म्हणाला होता.

बायकोला त्याने सांगितलं, "झालं काम. आता गळणार नाही."

त्यात खोटं काहीच नव्हतं. तिने लेकीला फोनवर सांगितलं, "बाबांनी हीटर नवा टाकला." तो समोरच बसला होता. मूग गिळून बसला होता.

त्याने त्या कोरड्या तोंडांना हात लावला. थंडगार होती.

३

दुपारी शेजारच्या शेडमधला वायरमन आला. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा, मिस्त्रीच्या वयाचा, आणि तोंडाला कुलूप नसलेला माणूस.

"उस्ताद! घरच्या गाडीला मुहूर्त लागला म्हणायचा! मी म्हटलं, या जन्मी काही ही गाडी शेडच्या आत दिसत नाही."

"लेकीची आहे."

"तेच म्हणतो. लेकीची झाली म्हणून नंबर लागला." तो आत वाकला. थर्मामीटरकडे पाहून त्याने भुवया उडवल्या. "साडेछत्तीस! अरे, हे तर माणसाचं टेंपरेचर. ताप नाही, म्हणजे गाडीची तब्येत ठणठणीत आहे. औषध काय देणार?"

मिस्त्री हसला नाही. वायरमन पुढे गेला आणि उघड्या बॉनेटमध्ये त्याने डोकं घातलं.

"हे काय रे? हीटरचे दोन्ही पाइप गाठ मारल्यासारखे जोडून ठेवलेत! कुठल्या गाढवाचं काम हे? थंडीत आत बसणाऱ्याने काय करायचं, दात वाजवायचे?"

"आधीच्या मालकाने केलं असेल."

"आधीचा मालक तू."

"त्याच्या आधीचा."

वायरमनने 'हं' केलं आणि नीट पाहिलं. जोडावर दोन क्लिपा होत्या. दोन्हींचे पेच वरच्या बाजूला, एकाच रेषेत, पुढच्या माणसाला उघडायला सोपे जावेत असे. या रस्त्यावर क्लिपा अशा बसवणारा एकच माणूस होता. आणि मिस्त्रीच्या मागे, फळीवर, चष्म्याचा नंबर कितीही असला तरी वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत 'घरची गाडी' लिहिलेलं हीटर कोरचं खोकं होतं. त्यावर वर्षभराची धूळ होती.

वायरमन खोक्याकडे बघत राहिला. मिस्त्रीची बायको, म्हणजे त्याच्या वहिनी, गेल्या त्या दिवशी तोही खांद्याला होता. तो काहीतरी बोलेल, शिवी देईल, असं मिस्त्रीला वाटलं. त्याने ती खुशाल घेतली असती.

"पंखा तपासून बघतो हवं तर," वायरमन हळू आवाजात म्हणाला. "नाहीतर राहू दे. तू बघशीलच."

आणि तो चहासुद्धा न घेता गेला. कान लाल होणं म्हणजे काय ते मिस्त्रीला या वयात कळलं.

४

वारा नीट येतो का, हे बघायला तो जाळीला कागदाची बारीक पट्टी चिकटवायचा. चारही जाळ्यांना त्याने पट्ट्या लावल्या आणि पंखा पहिल्या नंबरावर ठेवला. तीन पट्ट्या आडव्या झाल्या आणि थरथरत राहिल्या.

चौथी उठली. मग खाली पडली. मग उठली.

पंख्याच्या वायरीत कुठेतरी ढिलेपणा, असं त्याने मनात धरलं. पण पंखा एकच होता, आणि बाकीच्या तिघींना ढिलेपणा माहीत नव्हता. तो बाजूच्या सीटसमोर गुडघ्यावर बसला, डोळे पट्टीच्या रेषेत आणले, आणि तेव्हा त्याला दिसलं की ती नुसती खाली पडत नव्हती. खाली आल्यावर ती जाळीकडे वळत होती. जाळीला चिकटत होती. आत ओढली जात होती. मग सुटून पुन्हा बाहेर.

पंखा वारा ढकलतो. ओढत नाही.

त्याने पंखा बंद केला. तीन पट्ट्या लोंबल्या. त्याने किल्ली काढून खिशात घातली. मग बॅटरीची वायर सोडवली. सव्वीस वर्षांच्या सवयीने तिचं टोक फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं. आता ही गाडी म्हणजे नुसतं लोखंड होतं.

परत येऊन त्याने पाहिलं. बाहेर, पुन्हा आत. घाई नव्हती. बाहेर येणं लांब होतं, आत जाणं तोकडं, आणि मध्ये एक अडखळ होती.

बाहेरच्या रस्त्यावरून लोक जात होते. कुणीतरी कुणाला तरी शिव्या घालत गाडी मागे घेत होतं. भर दुपारचे तीन वाजले होते. मिस्त्रीने शटर सगळं वर केलं, लख्ख उजेड आत घेतला. उजेडात पट्टी जास्तच स्पष्ट दिसली.

त्याने तळहात पुढे केला. मग जाळीपासून वीतभर अंतरावर थांबवला आणि मागे घेतला. हाताला काय लागेल ते त्याला माहीत होतं.

५

दहा महिन्यांपूर्वीच्या त्या सकाळी काचेवर दव गोठलेलं होतं. छातीच्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, अडीच तासांचा रस्ता. बायको दोन शाली घेऊन बसली. तिने स्वतःच हीटरचं बटण लाल खुणेवर फिरवलं.

"गाडी तापली की येईल," तो म्हणाला.

बोलून गेल्यावर खरं सांगण्याची वेळ निघून गेली. शहर संपलं, उतरणीला लागले, आणि जाळीतून बाहेरचा वारा जसाच्या तसा येत राहिला. पंखा बंद कर म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

अर्ध्या तासाने त्याने विचारलं, "येतंय का गं गरम?"

"येतंय की."

त्याने स्टीअरिंगवरचा डावा हात काढून तिच्या जाळीसमोर धरला. ती शाल सावरायला पुढे वाकल्यासारखी वाकली. तळहाताच्या मधोमध ऊब लागली. जराशी ओलसर, खोकल्याच्या गोळीचा वास असलेली. बोटांना मात्र गार वारा लागत होता.

"बघा, येतंय ना?"

"हं. येतंय."

आणि त्याने हात परत स्टीअरिंगवर ठेवला. तिला ढास लागली, तेव्हा तो म्हणाला, "बोलू नकोस फार."

एवढंच असतं, तर कदाचित त्याने स्वतःला समजावलं असतं. पण पुढच्या दोन तासांत त्याने हात आणखी दोनदा पुढे केला. दोन्ही वेळा ती वाकली. आधीच अपुरा पडणारा श्वास तिने दोन्ही वेळा त्याच्या तळहातावर खर्च केला. तिसऱ्या वेळी हात कशाला पुढे केला, या प्रश्नाकडे तो दहा महिने बघायचं टाळत होता. तपासायला नव्हे. तपासायचं काहीच उरलं नव्हतं. आपलं काही चुकलं नाही, हे तिने पुन्हा एकदा सांगावं, म्हणून.

दोन दिवसांनी ती गेली. ती म्हणाली होती तेच लेकीने धरून ठेवलं: बाबांनी हीटर नवा टाकला.

६

बुधवारी आणि गुरुवारी त्याने कुठलीही गाडी घेतली नाही. डॅशबोर्ड उतरवला. पेच ओळीने कागदावर मांडले. जुना कोर काढला, त्याच्या एका कोपऱ्याला गळतीचा हिरवट थर होता. नवा कोर खोक्यातून काढताना त्याने आधी खोक्यावरची धूळ पुसली, आणि पुसली याची त्यालाच लाज वाटली.

डावीकडची नळी त्याने सुटी करून हातात घेतली. प्लास्टिकची हातभर नळी, आत लपायला उंदराच्या पिल्लालाही जागा नाही. त्याने ती उजेडासमोर धरून आरपार पाहिलं. आतल्या बाजूला बारीक थेंब जमले होते, आरशावर तोंड धरल्यावर जमतात तसे. त्याने बोट फिरवलं, वास घेतला. इंजिनात फिरणारं कुलंट असतं तर गोडसर वास आला असता.

तो वास कुलंटचा नव्हता. त्याने नळी फडक्याने कोरडी केली आणि पुन्हा उजेडासमोर धरली. बघता बघता ती पुन्हा धुरकटली. त्याच्या हातात, दोन्ही तोंडं उघडी असताना, कशालाही न जोडलेली.

त्याने ती खाली ठेवली नाही. टाकवेना. बराच वेळ तो ती तशीच दोन्ही हातांत धरून उभा राहिला आणि मग जागच्या जागी बसवली.

शुक्रवारी सकाळी क्लिपा आवळल्या, पाणी भरलं, बॅटरी जोडली, गाडी तापवली. मधली जाळी अठ्ठावन्न. उजवी सत्तावन्न. असा हीटर त्याने कुणाच्याच गाडीला बसवला नव्हता. पाइपांचा तो जोड काढून त्याने कचऱ्यात टाकला. आता हीटर नवा होता. वर्षापूर्वीचं खोटं आता खरं झालं होतं. बॉनेट उघडून कुणीही बघावं. लेकीला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

डावी जाळी साडेछत्तीस.

७

लेक दुपारी एकटीच आली. बाळ घरी झोपलं होतं.

"झालं?"

"बस. दाखवतो."

ती बाजूच्या सीटवर बसली, तो स्टीअरिंगमागे. त्याने हीटर लावून दाखवला. तिने मधल्या जाळीपुढे हात धरला आणि चटकन मागे घेतला.

"अगं आई! भाजतंय की. आणि माझ्याकडचं?" तिने हात डावीकडे नेला. "हे कोमटच आहे, बाबा."

मिस्त्रीने गाडी बंद केली. किल्ली काढून मांडीवर ठेवली. इंजिन निवतानाची टिकटिक सुरू झाली. डाव्या जाळीची पट्टी काढायची राहिली होती, की त्याने मुद्दामच काढली नव्हती. ती बाहेर आली, आत गेली.

लेक पट्टीकडे बघत होती. "बंद केलंत ना तुम्ही?"

"हीटर मी आज बसवला," तो म्हणाला. "आज सकाळी."

"म्हणजे?"

"तेव्हा काम राहून गेलं होतं. पाइप जोडून वेळ मारून नेली होती. नवा कोर फळीवर होता. लोकांच्या गाड्या होत्या म्हणून..." पट्टी बाहेर आली, आत गेली. तिच्या येण्याजाण्यात या वाक्याने काहीच फरक पडला नव्हता.

लेकीने पट्टीवरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. मग तिने विचारलं तेव्हा तिचा आवाज लहानपणी पडून आल्यावर येई तसा होता. "अडीच तास? त्या थंडीत?"

"हो."

"पण आई तर मला म्हणाली, छान गरम येत होतं. तिला कळलं नाही?"

"कळलं होतं."

"आणि तिला कळलंय, हे तुम्हाला?"

इथे 'नाही' म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर लेक रडली असती, मग तिनेच त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता, आणि रविवारी गाडी घाट चढून गेली असती. ते 'नाही' त्याच्या जिभेवर तयार होतं. सव्वीस वर्षांत त्याने किती गिऱ्हाइकांच्या तोंडात ते ओळखलं होतं.

"हो," मिस्त्री म्हणाला. "मी हात पुढे केला की ती वाकून माझ्या हातावर फुंकर घालायची. गरम येतंय असं वाटावं म्हणून. मला पहिल्याच वेळी कळलं होतं. तरी मी तीनदा हात पुढे केला."

पट्टी आत ओढली गेली.

ती जाळीला चिकटली, मध्ये किंचित खोलगट झाली, आणि तशीच राहिली. मिस्त्री तिच्या सुटण्याची वाट पाहू लागला. इंजिनाची टिकटिक थांबली. आतल्या बाजूने समोरच्या काचेवर, डावीकडे, तोंडाच्या उंचीवर, धुक्याचा एक गोल होता. तो आता वाढत नव्हता आणि विरतही नव्हता. लेक सीटला पाठ टेकून बसली होती, दोन्ही हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले.

तो कोणाच्या तरी बोलण्याची वाट पाहत राहिला. पण बाजूच्या सीटवरच्या दोघीही गप्प होत्या.